कर्नल मेडोज टेलर यांचे चरित्र
(गुन्हा कोठून उपजतो, ह्याविषयी काही बोध)

तुळजापुराहून सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यास लागून पूर्वेकडे गेले असता नळदुर्गचा भुईकोट लागतो. बोरी नदीचे पाणी अडवून बांधलेला तेथील पाणीमहाल आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ह्याच किल्ल्यात इ. स. १८५३ पासून सुमारे चार वर्षे एक इंग्रज अधिकारी राहत असे. पुढे हा जिल्हा धाराशिवच्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि त्यातूनच १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघाला. सबब ज्या मुलखात आपण राहतो, त्याच मुलखाचा कारभार ह्या गृहस्थाने पाहिला होता. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. ठगांविषयी पुस्तक लिहिणारा लेखक म्हणून जगात त्यांची ख्याती झाली. परंतु गुन्हा का घडतो, तो कोण करतो, आणि त्याचा समाजावर काय परिणाम होतो, ह्या प्रश्नांशी त्यांची सारी हयात गुंतलेली होती. त्यांचे बरोबर काय झाले आणि चूक काय झाली, ही दोन्ही पाहण्यासारखी आहेत. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहे.

बालपण व हिंदुस्थानात आगमन

टेलरसाहेबांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी झाला. वडील व्यापारी होते. परंतु व्यापारास उतरती कळा लागल्यामुळे मुलाचे शिक्षण फारसे होऊ शकले नाही. लहान वयातच त्यास एका पेढीवर कामास ठेविले, आणि पंधराव्या वर्षी मुंबईतील एका इंग्रज व्यापाऱ्याकडे पाठविले. पुढे भागीदारी मिळेल अशी आशा दाखविलेली होती. १८२४ साली मुलगा मुंबईस उतरला, तो त्या पेढीचीच अवस्था कठीण झालेली! परक्या देशात आधार नाहीसा झाला. तथापि मुंबई सरकारात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या न्यूनहॅम नावाच्या एका नातलगाने खटपट करून त्यास निजामाच्या फौजेत लहानशी अधिकाऱ्याची जागा मिळवून दिली. त्या वेळी त्याचे वय अवघे सोळा वर्षांचे होते.

औरंगाबादेच्या छावणीत आल्यावर ह्या तरुणाने एक गोष्ट पक्की ओळखली, ती ही की, ज्या लोकांत राहावयाचे त्यांची भाषा आपणास आलीच पाहिजे. त्याने हिंदुस्थानी शिकून घेतली, पुढे फारसी व मराठीचाही अभ्यास केला. बरोबरीचे अधिकारी शिकारीत व मेजवान्यांत वेळ घालवीत, तेव्हा हा मुलगा मुन्शीजवळ बसून अक्षरे गिरवीत असे. पुढे जे काही त्याच्या हातून झाले, त्याचा पाया येथेच पडला. ज्यास फिर्यादीचे म्हणणे दुभाष्याच्या तोंडूनच ऐकावे लागते, त्यास गुन्ह्याचे बाहेरील रूप दिसेल. त्याचे मूळ क्वचितच दिसेल.

त्या वेळचा मुलूख

अठरा-एकोणीस वर्षांच्या वयातच टेलरसाहेबांस निजामाच्या राज्यातील पोलिसखात्यात साहाय्यक अधिकाऱ्याची जागा मिळाली. तुळजापूर, परांडा इकडील मुलूख तेव्हापासून त्यांच्या पायाखालचा झाला. हा मुलूख त्या काळी कोणत्या अवस्थेत होता, हे समजून घेतल्यावाचून पुढील गोष्ट कळावयाची नाही.

१८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडाली आणि पेंढाऱ्यांचा मोड झाला. फौजा मोडल्या, म्हणजे शिपाई घरी गेले असे आपण सहज म्हणतो. परंतु ज्यास घरच नाही, शेत नाही, आणि तलवारीवाचून दुसरा धंदा ठाऊक नाही, त्याने जावे कोठे? असे हजारो लोक मोकळे सुटले. आपल्या नांदेडकडील हदगावच्या मुलखातच नौसाजी नाईक नावाच्या हटकर सरदाराने निजामाविरुद्ध बंड केले, आणि १८१९ च्या आरंभी नोव्ह्याचा किल्ला पडून त्या बंडाचा शेवट झाला. बंडे मोडली, परंतु ज्या असंतोषातून ती उपजली तो मोडला नाही.

दुसरे कारण सारावसुलीचे. हैदराबादचा कारभार राजा चंदुलाल यांच्या हाती होता. राज्याचा खजिना रिकामा. पामर कंपनी नावाच्या सावकारी पेढीने सरकारास शेकडा चोवीस-पंचवीसपर्यंत व्याजाने कर्जे दिलेली. हे व्याज भरावयाचे कोठून? तर तालुक्यांचा सारा जो अधिक बोली बोलेल त्याच्या हाती देऊन. बोली बोलणाऱ्याने पैसा वसूल करावयाचा कोणाकडून? तर कुणब्याकडून. कुणब्याने बैल विकले, मग भांडी विकली, आणि शेवटी गाव सोडला. गाव सोडलेला मनुष्य रानात जाऊन बसला की त्यास चोर म्हणावयास वेळ लागत नाही. हैदराबादच्या दिवाणखान्यात लिहिलेल्या एका कर्जरोख्याचे व्याज अखेर उमरग्याच्या रानात वाटमारीच्या रूपाने वसूल होत असे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

तिसरे कारण हे की, चोरांस आश्रय देणारे प्रतिष्ठित लोक जागोजागी होते. गढीवाला जमीनदार लुटीतील वाटा घेई, गावचा अधिकारी डोळे मिटून घेई. पकडला जाई तो मात्र हाती काठी घेतलेला गरीब.

पिठाची गोष्ट

ह्या काळातील एक प्रसंग टेलरसाहेबांनी आपल्या आत्मवृत्तात सांगितला आहे. परांड्याकडे जात असता त्यांच्या तंबूपाशी वाटसरूंचा मोठा जमाव आला, आणि दुकानदार पिठात वाळू मिसळून विकतात अशी तक्रार करू लागला. साहेबांनी प्रत्येक दुकानातून पीठ विकत आणविले, वजने तपासली. तक्रार खरी निघाली. दंड करावा तर दुकानदार तो भरून टाकतील, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांकडूनच काढून घेतील. म्हणून साहेबांनी त्यांस त्यांच्याच पिठाच्या भाकरी सर्वांदेखत खावयास बसविले. दाताखाली वाळू करकरू लागली, तेव्हा दुकानदार रडकुंडीस आले, आणि पुन्हा असे करणार नाही म्हणून शपथा वाहू लागले. दंडाने व तुरुंगाने जे झाले नसते ते ह्या एका जेवणाने झाले.

ही गोष्ट वाचून हसू येते. परंतु तीत एक गंभीर बोध आहे. पिठात वाळू घालणाऱ्यास त्या काळी कोणी गुन्हेगार म्हणत नव्हते, आजही आपण सहसा म्हणत नाही. त्यास आपण व्यापारी म्हणतो. परंतु उपाशी वाटसरूच्या तोंडचा घास त्याने चोरला नव्हता काय? टेलरसाहेबांची नजर ह्या तरुण वयातच गुन्ह्याच्या ह्या दुसऱ्या जातीकडे गेली होती.

हिंगोलीचा कापडवाला

१८२९ च्या सुमारास रस्त्यांवर माणसे नाहीशी होत आहेत, ह्याचा सुगावा टेलरसाहेबांस लागू लागला होता. तेवढ्यात त्यांस परत पलटणीत बोलावून घेण्यात आले, आणि तपास अर्धवट राहिला. पुढे विल्यम स्लीमन नावाच्या अधिकाऱ्याने उत्तरेकडे ठगांच्या टोळ्या उघडकीस आणिल्या, तेव्हा टेलरसाहेबांस कळून आले की, आपणास ज्या गोष्टीचा नुसता वास आला होता ती हीच.

ठगांची रीत ही की, ते वाटसरूंस वाटेत गाठीत, गोड बोलून त्यांच्याबरोबर चालू लागत, चार दिवस एकत्र स्वयंपाक करीत, दुःखसुखाच्या गोष्टी बोलत. आणि एके रात्री खूण होताच रुमालाने गळा आवळून सर्वांस मारून पुरून टाकीत. मागे रडणारा उरत नसे, दाखविण्यास प्रेत उरत नसे. घरची माणसे वर्षानुवर्षे वाटेकडे डोळे लावून बसत.

१८३० नंतर लवकरच टेलरसाहेबांची पलटण हिंगोलीस होती. हिंगोलीच्या छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा कापडाचा एक व्यापारी होता. मनुष्य मोठा अदबशीर. छावणीतील साहेबलोकांचे त्याच्याशी रोजचे देणेघेणे, टेलरसाहेबांचेही. एकदा मुंबईहून कापड आणावयाचे आहे म्हणून त्याने तेथील मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडून परवाना मागून घेतला. हिंगोलीजवळच्या एका गावचा दुसरा व्यापारी असाच माल घेऊन येत आहे, हे त्यास ठाऊक होते. वाटेत हरिसिंगाने त्या व्यापाऱ्यास, त्याच्या नोकरांस व बैल हाकणाऱ्यांस ठार केले. आणि तोच माल त्या सरकारी परवान्यावर हिंगोलीस आणून उघडपणे छावणीत विकला. ज्या साहेबांनी तो घेतला त्यांच्या स्वप्नातही ही गोष्ट आली नाही. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे सांगितले, आणि तेही एखादी मौज सांगावी तसे.

ह्याहून भयंकर गोष्ट ही की, छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात ह्या टोळीने माणसे मारली होती, आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून सुमारे पाचशे यार्डांवर ती पुरली होती. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखविल्या, आणि त्या थडग्यांपैकी काही उघडली जात असता टेलरसाहेब स्वतः तेथे उभे होते. एकेका खड्ड्यात अनेक प्रेते.

वाचकहो, विचार करा. छावणीचे पहारेकरी रात्रंदिवस जागे होते. ते कोणास अडवीत असतील? फाटक्या कपड्याच्या फिरस्त्यास, डोक्यावर गाठोडे घेतलेल्या मजुरास. पांढरेशुभ्र अंगरखे घालून कापडाचे गठ्ठे आणणाऱ्या सावकारास कोण अडविणार? पहारा होता, परंतु तो कपड्यांवर होता, कृत्यांवर नव्हता.

जबान्या व पुस्तक

पुढे हैदराबादजवळ बोलारमच्या छावणीत असता ठगांच्या जबान्या घेण्याचे काम टेलरसाहेबांकडे आले. दिवसामागून दिवस ते त्यांच्यासमोर बसून ऐकत व लिहीत. अमीर अली नावाच्या एका ठगाने ७१९ खुनांत आपला हात असल्याचे सांगितले. हा आकडा त्या मनुष्याची बढाई असू शकेल. अलीकडील अभ्यासक अशा जबान्यांवर सर्वस्वी विश्वास ठेवीत नाहीत, कारण माफीच्या साक्षीदाराचा जीव त्याच्या कथनावरच टांगलेला असतो. १८३२ साली टेलरसाहेबांचा विवाह हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची कन्या मेरी हिजशी झाला होता. प्रकृती बिघडल्यामुळे १८३७ च्या सुमारास ते रजेवर निघाले, आणि १८३९ साली त्यांनी ठगाच्या कबुलीजबाबाची आपली कादंबरी लंडनात प्रसिद्ध केली. व्हिक्टोरिया राणीनेही ती आवडीने वाचली. एका वर्षात लेखकाचे नाव सर्वत्र झाले.

सुरापूरचे राज्य

१८४० साली परत आल्यावर त्यांस सुरापूर येथे पाठविण्यात आले. कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात असलेले हे तेव्हा बेडर, म्हणजे बेरड, राजांचे लहानसे संस्थान होते. बेरड म्हणजे दरोडेखोर, अशी सभोवतालच्या मुलखात समजूत. राजा मरण पावलेला, त्याचा मुलगा व्यंकटप्पा नाईक लहान, दरबारात कारस्थाने, राज्यावर कर्ज. टेलरसाहेबांजवळ मोठी फौज नव्हती. त्यांनी नाईकांची व बेरडांची भाषा व रीत समजावून घेतली, त्यांच्या तक्रारी ऐकल्या, कर्जाची वाट लाविली, बोनाळ येथील तलावासारखी पाण्याची कामे केली, रस्ते केले. बारा वर्षांत राज्याची घडी बसली. जे लोक जन्मतःच लुटारू म्हणून हिणविले जात, तेच ह्या काळात शेती व चाकरी करून राहिले. ते बदलले नव्हते. त्यांची परिस्थिती बदलली होती. ह्याच काळात, १८४४ साली, टेलरसाहेबांच्या पत्नीचा अंत झाला. लहान राजा त्यांस अप्पा म्हणजे बाप म्हणून हाक मारीत असे, आणि ह्या हाकेचे दुःख त्यांस पुढे भोगावे लागले.

नळदुर्ग

१८५३ साली निजामाने वऱ्हाड, रायचूर दोआब व नळदुर्ग हे प्रांत कंपनी सरकारच्या हवाली केले, आणि नळदुर्गचा कारभार टेलरसाहेबांकडे आला. ज्या वाटांनी ते पंचवीस वर्षांपूर्वी चोरांच्या मागावर हिंडले होते, त्याच वाटांवर आता ते जमिनीची मोजणी करणारे घेऊन आले. कुणब्याच्या शेताची हद्द ठरावी, सारा किती हे त्यास आगाऊ कळावे, रस्ते व्हावेत, ह्या कामांस त्यांनी हात घातला. पोलिस आणि मोजणीदार ह्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार मोठा आहे. ज्यास आपले शेत उद्याही आपलेच राहील हा भरवसा आहे, तो रात्री घरी निजतो. तरुणपणी त्यांनी गुन्ह्याच्या फांद्या छाटल्या. नळदुर्गास ते त्याच्या मुळापाशी पोहोचले, असे मला वाटते.

१८५७ साली सर्वत्र वणवा पेटला असता त्यांची बदली वऱ्हाडात बुलढाण्यास झाली, आणि तेथे गोऱ्या फौजेवाचून त्यांनी जिल्हा शांत राखला. परंतु १८५८ साली सुरापूरचा तरुण राजा व्यंकटप्पा इंग्रजांविरुद्ध उठला. तो पराभूत होऊन पकडला गेला. प्रथम फाशीची शिक्षा, मग जन्मठेप, आणि शेवटी ती चार वर्षांच्या कैदेपर्यंत उतरली. परंतु कैदेच्या ठिकाणी नेत असता वाटेतच पिस्तुलाची गोळी लागून त्याचा अंत झाला. सरकारी दफ्तराने ती आत्महत्या ठरविली. इंग्रजांच्या दफ्तरात तो बंडखोर, म्हणजे गुन्हेगार. आज त्याच्या मुलखातील लोक त्यास स्वातंत्र्यवीर मानतात. गुन्हेगार कोणास म्हणावे हे पुष्कळदा लेखणी कोणाच्या हाती आहे ह्यावर ठरते, हे ह्या एका मरणाने शिकविले. ज्यास हातांवर वाढविले त्याच्या राज्याची व्यवस्था लावण्यास टेलरसाहेबांसच पुन्हा सुरापुरास जावे लागले.

१८६० साली प्रकृती खालावल्यामुळे ते सेवेतून निघाले. त्याच वर्षी नळदुर्गही निजामास परत मिळाले. उरलेले आयुष्य त्यांनी बहुतेक आयर्लंडात लेखनात घालविले. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तारा ह्या कादंबरीत तुळजापूरचा मुलूख आला आहे. १८७५ साली दृष्टी मंदावत असताही त्यांनी हैदराबादची शेवटची भेट घेतली. आणि मायदेशी परतत असता १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधील मेंतों ह्या गावी देह ठेविला. त्यांचे आत्मवृत्त त्यांच्या कन्येने पुढील साली प्रसिद्ध केले.

त्यांच्या हातून काय चुकले

येथवरचे चरित्र वाचून वाचकांस वाटेल की, अशा समजूतदार मनुष्याच्या लेखणीतून न्यायच बाहेर पडला असेल. परंतु तसे झाले नाही. त्यांच्या कादंबरीने व स्लीमनच्या लेखांनी जगाच्या मनावर एक चित्र ठसविले, ते असे की, हिंदुस्थानात काही माणसे जन्मानेच खुनी असतात. बापाचा धंदा मुलगा घेतो, आणि त्यास धर्माची आज्ञा समजतो. मोडलेली फौज, सावकाराचे व्याज, ओसाड पडलेली शेते ही कारणे मागे पडली. रक्त व जात ही कारणे पुढे आली. अलीकडील इतिहासकार दाखवितात की, ठग म्हणून पकडलेल्यांत बेकार शिपाई, कुणबी, निरनिराळ्या धर्मांचे व जातींचे लोक होते. पुष्कळांनी एखाद-दुसरा हंगामच हे कर्म केले होते. खून खरे होते, हिंगोलीची थडगी खरी होती. परंतु त्यांचे सांगितलेले कारण अपुरे होते.

आणि कारण चुकले म्हणजे उपायही चुकतो. १८३६ च्या कायद्याने अमुक खून केला हे सिद्ध न होताही, ठगांच्या टोळीत होता एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली. पुढे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. प्रथम तो उत्तरेकडे लागू होता. १९११ साली त्याचा विस्तार झाला. आता टोळीही सिद्ध करण्याचे कारण उरले नाही. अमुक जमातीत जन्म झाला एवढे पुरे झाले. मनुष्याने चौकीवर हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडावयाचे नाही. पाळण्यातील मूलही उद्याचा चोर म्हणून जमातीबरोबर वहीत आले.

तुळजापुराजवळच्या सोलापुरात अशा जमातींची तारेच्या कुंपणाची वसाहत होती, आणि काही काळ तिची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. आमच्या वडील पिढीतील मिशनरी मंडळींनी तेथे शाळा चालविल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, हे सत्य आहे. परंतु त्या कुंपणाच्या दाराची किल्लीही त्यांच्याच हाती होती, हेही सत्य आहे. दोन्ही सांगितल्यावाचून प्रामाणिकपणा होत नाही. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, आणि त्या जमातींस विमुक्त असे नाव मिळाले. तथापि कायदा पुसला म्हणून मनावरील डाग पुसला जात नाही. लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली उचल्या ह्या नावाने आपल्या बालपणाची व समाजाची हकीकत प्रसिद्ध केली. ज्यास कोणी कामावर ठेवीत नाही, शाळेत जवळ बसू देत नाही, आणि चोरी झाली की प्रथम ज्याच्या घरात पोलिस शिरतो, त्याने पोट कसे भरावे, हा प्रश्न त्या पुस्तकाने उभा केला. गुन्ह्यातून कलंक उपजतो हे सर्वांस ठाऊक आहे. कलंकातूनही गुन्हा उपजतो, हे आपण विसरतो.

आपणांविषयी एक गोष्ट

आता थोडे आपल्या घरचे. सुमारे वीस वर्षांपूर्वी उदगीरकडील एका खेड्यात मी उपदेशकाचे काम करीत होतो. सुगीच्या दिवसांत खळ्यावरून सोयाबीनची काही पोती नाहीशी झाली. गावाबाहेरील गायरानावर फिरस्त्यांची चार-पाच पाले उतरली होती. कोणी काही पाहिले नव्हते. तरी लोक काठ्या घेऊन तेथे गेले, चुलीवरची भांडी लाथाडली, आणि एका पोराचा हात मोडला. आमच्या मंडळीतील तरुणही त्यांत होते. आमच्याच आजोबांस गावात काही हरविले की चावडीवर बसवून ठेवीत असत. त्यांचीच ही नातवंडे! मी वाटेवर उभा होतो. मी त्यांस अडविले नाही. रात्र आहे, लोक भडकले आहेत, आपले शब्द कोण ऐकणार, अशी मी मनाची समजूत घातली. पाले त्याच रात्री उठून गेली. महिन्याभराने पोती सापडली, ती गावातील एका प्रतिष्ठित घरात. त्या घरावर कोणी काठी घेऊन गेले नाही. प्रकरण आपसात मिटले. तो पोरगा कोठे गेला हे मला आजपर्यंत कळले नाही. हिंगोलीच्या पहारेकऱ्यांची गोष्ट मी पुढे वाचली, तेव्हा माझी जागा मला त्यांच्या रांगेत दिसली.

म्हणून उपदेशकबंधूंस व मंडळीतील वडीलजनांस माझी विनंती आहे. गावात चोरी झाली तर तिचा तपास अवश्य व्हावा. ज्याचे गेले त्याचे दुःख हलके लेखू नये, कारण गरिबाचे एक पोते म्हणजे त्याच्या लेकरांचे सहा महिने असतात. चोराने आपल्या कृत्याचा जाब दिलाच पाहिजे; परिस्थिती वाईट होती म्हणून खून हा खून नाही असे होत नाही. ज्या खेड्यात पुष्कळांनी उपास काढले, तेथेही चोरी थोड्यांनीच केली, हे आपण पाहतो. परंतु जाब कृत्याचा मागावा, जातीचा मागू नये. संशय आला तर काय पाहिले हे विचारावे, कोण आहे हे विचारू नये. आणि ज्या घरात कर्ज फार झाले आहे, ज्याचा मुलगा शाळा सोडून रिकामा हिंडू लागला आहे, ज्याच्या दारी दारू शिरली आहे, त्या घरी पोलिसाच्या अगोदर आपण गेले पाहिजे.

गुन्ह्याने पहिला बळी पडतो तो परस्परांवरील विश्वास. ठगांनी वाटसरूंचे गळे आवळले. परंतु त्याहून अधिक हे की, वाटेत भेटलेल्या परक्याबरोबर भाकरी मोडून खाण्याची सोबत त्यांनी ह्या देशातून नाहीशी केली. खोट्या संशयानेही हेच होते. टेलरसाहेब जोवर माणसांची भाषा शिकून त्यांच्याजवळ बसत होते, तोवर त्यांस गुन्ह्याची खरी कारणे दिसत होती. त्यांचे पुस्तक दूर लंडनात वाचले गेले, तेव्हा त्यातील माणसे निघून गेली आणि भय तेवढे उरले. जवळ जाऊन पाहणे व दुरून भिणे, ह्या दोहोंपैकी आपल्या गावात आपण काय करतो, ह्याचा प्रत्येकाने आपल्याशी विचार करावा. पुढच्या सुगीस गायरानावर पुन्हा पाले उतरतील. त्या दिवशी सायंकाळी मी काठ्यांच्या अगोदर तेथे पोहोचावे, एवढीच माझी इच्छा आहे.